राखील त्याचें रान
(शेतकरी व मेंढपाळ बंधूंच्या एका गांवसभेंत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज आपण हातचें काम टाकून येथें जमलांत तें कांहीं कीर्तन ऐकायला नव्हे. आपल्या गांवच्या शिवेला लागून जें रान आहे, त्यावर गांवाचा सामूहिक हक्क मागावा कीं मागूं नये, एवढ्या एका प्रश्नासाठीं ही सभा आहे. कोणी म्हणतो, “सरकारचें रान, सरकार पाहून घेईल, आपण कशाला या भानगडींत पडा?” दुसरा म्हणतो, “हक्क एकदां मिळूं द्या, मग सारें तोडून विकूं आणि मोकळे होऊं.” ह्या दोन्ही गृहस्थांना माझें उत्तर एकच आहे. रान वांचायचें असेल तर तें ज्यांच्या पोटाशीं बांधलेलें आहे त्यांच्या हातीं आलें पाहिजे. आणि त्यांच्या हातीं तें टिकायचें असेल तर त्याचे नियम सर्वांनीं बसून केले पाहिजेत व त्याचा हिशेब चावडीवर उघडा ठेवला पाहिजे. यांतली एक गोष्ट सुटली कीं दुसरीहि सुटते.

प्रथम आपलें रान कसलें आहे तें पाहूं. सह्याद्रीच्या माथ्यावरचें बारमाही हिरवें रान तें नव्हे. आपलें रान कोरडें. पाऊस चार महिने, आणि उरलेले आठ महिने आभाळाकडे पाहणें. साग, ऐन, धावडा, खैर, सालई, मोह, टेंभुर्णी, चार, पळस, बांबू ही त्यांतली मंडळी. माघ-फाल्गुनांत पानें गाळून हीं झाडें उघडीं उभीं राहतात आणि शहरांतला पाहुणा म्हणतो, “अरेरे, रान मेलें!” रान मेलेलें नसतें, पाणी वांचविण्यासाठीं त्यानें पानें टाकलेलीं असतात. भारतांत जेवढें जंगल आहे त्याचा सुमारें दोन-पंचमांश हिस्सा असल्या कोरड्या पानगळीच्या रानाचा आहे. गोरगरिबांची वस्तीहि त्याच रानाच्या कडेनें दाट आहे.

ह्या रानाचा एक गुण आहे आणि एक नाजूकपणा आहे. गुण असा कीं, मूळ जिवंत असलें म्हणजे तोडलेल्या बुंध्यांतून पुन्हा फुटवे येतात. उजाड दिसणाऱ्या माळावरहि जमिनीखालीं मुळें जीव धरून असतात. नवीं रोपें लावण्याचा खर्च न करतां, नुसतें राखलें तरी रान परत उभें राहतें. नाजूकपणा असा कीं, हे फुटवे पहिलीं कांहीं वर्षें तान्ह्या मुलासारखे असतात. गुराचा दांत, कुऱ्हाडीचें पातें आणि उन्हाळ्यांतला वणवा, यांपैकीं एकाची गांठ पडली कीं ते संपले. मोहाचीं फुलें वेंचायला सोपें जावें म्हणून कोणी झाडाखालचा पाला पेटवितो. तेंदूला कोंवळीं पानें यावींत म्हणून कोणी फांद्या छाटतो आणि आग लावतो. ती आग वाऱ्याबरोबर डोंगर चढते. मोठें झाड त्यांतून वांचतें, पण त्याच्या सांवलींतलीं रोपें जळून जातात. वर्षानुवर्षें असें चाललें कीं रानांत म्हातारे तेवढे उरतात, पोरें दिसत नाहींत.

आतां तुम्हीच सांगा, असलें रान कोण राखणार? जंगलखात्याच्या एका रखवालदाराच्या वांट्याला हजारों एकर रान येतें. तो बिचारा प्रामाणिक असला तरी रात्रीं कोणत्या घळींत धूर निघाला हें त्याला कसें कळावें? रानाच्या कडेला ज्याची झोपडी आहे त्याच्या नाकाला तो धूर आधीं लागतो. वणवा हुकमानें विझत नाहीं. पन्नास माणसें ओल्या डहाळ्या घेऊन धांवलीं तर विझतो.

मग हीं माणसें आजवर धांवलीं कां नाहींत? याचें उत्तर इतिहासांत आहे. इंग्रज सरकारास रेल्वेच्या रुळांखालीं घालायला आणि जहाजांना लांकूड पाहिजे होतें. म्हणून १८६५ सालीं त्यानें पहिला जंगल कायदा केला, १८७८ सालीं तो कडक केला आणि १९२७ सालीं पुन्हा नवा केला. इंग्रज गेला तरी १९२७ चा कायदा गेला नाहीं. ह्या कायद्यांनीं काल जें रान गांवाचें होतें तें आज राखीव झालें, काल सरपण आणणारी बाई आज चोर ठरली आणि मेंढरें चारणारा धनगर दंडाचा धनी झाला. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हां डोंगर व गायरान फॉरेस्टखात्यानें गिळल्यामुळें शेतकऱ्याच्या गुरांची काय दैना झाली हें गाऱ्हाणें त्यांनीं त्यांत मांडलें. पुढें १९३० सालीं पुसद, बिळाशी, चिरनेर अशा ठिकाणीं लोकांनीं जंगल सत्याग्रह केला. चिरनेर येथें २५ सप्टेंबर १९३० रोजीं गोळीबार होऊन माणसें पडलीं. म्हणजे आज आपण जो प्रश्न विचारतों आहों तो कांहीं नवा नाहीं. आपल्या पणजोबांनीं तो विचारलेला आहे.

मौज अशी कीं, १८७८ च्या व १९२७ च्या कायद्यांतच गांवाला रान सोंपविण्याची, म्हणजे ‘ग्रामवना’ची तरतूद होती. पण ती बहुतेक ठिकाणीं कागदावरच झोंपली. घेण्याचें कलम रोज चालत होतें आणि देण्याच्या कलमावर धूळ बसली होती.

ह्या सगळ्याचा परिणाम माणसाच्या मनावर काय झाला तो पाहा. चारोळीचें उदाहरण घ्या. फळ पिकूं दिलें तर दाणा भरतो, चार पैसे अधिक येतात आणि झाडहि राहतें. पण रान कोणाचेंच नसलें म्हणजे प्रत्येकाच्या मनांत येतें कीं, आज मीं सोडलें तर उद्यां दुसरा नेईल. म्हणून हिरवें फळच ओरबाडतात. झाडावर चढायला वेळ लागतो म्हणून फांदीच तोडतात. हा कांहीं गरिबाच्या रक्तांतला दोष नव्हे. उद्यांची खात्री ज्याची काढून घेतली तो आजच सारें खाणार. स्वतःच्या बांधावरचा आंबा कोणी असा तोडतो काय?

कांहीं शहाणे म्हणतात, “खेडवळ लोकांनींच जंगल तोडलें, त्यांच्याच हातीं तें द्यायचें म्हणजे कुंपणानें शेत खाण्यासारखें आहे.” गांवकऱ्यांनीं झाडें तोडलीं ही गोष्ट खरी आहे, ती मी लपवीत नाहीं. पण ज्या कुंपणाला शेतांतला एक दाणाहि आपला म्हणतां येत नाहीं, त्यानें शेत राखावें कशासाठीं? शिवाय, गांवाला विश्वासांत घेतल्यावर काय होतें याचे दाखले आपल्या देशांतच आहेत.

बंगालच्या पश्चिम मिदनापूर जिल्ह्यांत अराबारी नांवाचें साल वृक्षांचें रान आहे. १९७२ च्या सुमारास तें झुडपांच्या अवस्थेला आलें होतें. तेथले वनाधिकारी ए. के. बॅनर्जी यांनीं बंदूकवाले वाढविले नाहींत. त्यांनीं आजूबाजूच्या ६१८ कुटुंबांना बोलावून सांगितलें कीं, हें १,२७२ हेक्टर रान तुम्ही राखा. तुम्हांला काम मिळेल, सरपण व किरकोळ उपज मिळेल आणि लांकूड विकल्यावर चौथा हिस्सा मिळेल. त्याच बुंध्यांतून सालाचें रान पुन्हा उभें राहिलें. ओडिशांतल्या कित्येक गांवांनीं तर सरकारची वाटहि पाहिली नाहीं. तेथें ‘ठेंगापाळी’ नांवाची रीत आहे. ठेंगा म्हणजे काठी, आणि पाळी म्हणजे आपलीच पाळी. आज ज्या घरची पाळी त्यानें काठी घेऊन रान फिरावें आणि संध्याकाळीं ती काठी शेजाऱ्याच्या दाराशीं ठेवावी. सकाळीं दाराशीं काठी दिसली कीं आपली पाळी आली हें कळतें. नोटीस नको आणि शिपाईहि नको.

आपल्याकडे खानदेशांत, धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत, बारीपाडा हा आदिवासींचा पाडा आहे. रान उजाड झालें, पाण्यासाठीं वणवण सुरू झाली, तेव्हां १९९२ च्या सुमारास त्या लोकांनीं स्वतःच कुऱ्हाडबंदी व चराईबंदी केली आणि मोडणाऱ्याला दंड ठेवला. आज सुमारें ११०० एकर रान त्यांनीं राखलेलें आहे. रानांतली पालेभाजी व कंदमुळें बायाबापड्यांना परत मिळूं लागलीं, आणि त्या रानभाज्यांची स्पर्धा गांवांत भरूं लागली. त्या कामांत पुढें असलेले चैत्राम पवार यांना २०२५ सालीं सरकारनें पद्मश्री दिली.

परंतु बंधूंनो, येथें एक बारीक फरक ध्यानांत घ्या. हिस्सा निराळा आणि हक्क निराळा. अराबारी पाहून केंद्र सरकारनें १ जून १९९० रोजीं परिपत्रक काढलें आणि गांवोगांव संयुक्त वनव्यवस्थापनाच्या समित्या निघाल्या. कांहीं ठिकाणीं चांगलें काम झालें. पण समितीचा चिटणीस बहुधा खात्याचा माणूस आणि वांटा ठरविणारें खातेंच. जो हिस्सा देतो तो उद्यां देईनासाहि होतो. गड्याला वर्षाच्या शेवटीं धान्य मिळतें म्हणून तो शेताचा मालक होत नाहीं.

हक्काची गोष्ट कायद्यांत आली ती २००६ सालीं. त्या सालचा वनहक्क कायदा ३१ डिसेंबर २००७ पासून अमलांत आला. आदिवासींवर पूर्वीं ऐतिहासिक अन्याय झाला हें सरकारनें त्यांत स्वतःच्या तोंडानें कबूल केलें आहे. व्यक्तीच्या जमिनीचा हक्क तर त्यांत आहेच. पण आजच्या सभेच्या कामाचा आहे तो सामूहिक हक्क. गांवानें परंपरेनें जें रान वापरलें व राखलें, त्याचें रक्षण करणें, तें पुन्हा वाढविणें व त्याची व्यवस्था पाहणें हा गांवाचा हक्क. तेंदूपत्ता, मोह, चारोळी, डिंक, मध आणि बांबू हें गौण वनोपज. त्याची मालकी गांवाची. मेंढपाळांच्या व भटक्या लोकांच्या हंगामी चराईचा हक्कहि त्यांत लिहिलेला आहे, हें धनगर बंधूंनीं ध्यानांत ठेवावें. आदिवासी नसलेल्यांनाहि हा कायदा बंद नाहीं. मात्र १३ डिसेंबर २००५ पूर्वींच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षें, तेथें राहून त्या रानावर पोट भरल्याचें दाखवावें लागतें.

कायदा झाला म्हणजे हक्क घरीं चालत येतो असें मात्र कोणी समजूं नये. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांतलें मेंढा (लेखा) हें गोंडांचें लहानसें गांव पाहा. १९८० नंतर मोठ्या धरणांविरुद्ध त्या मुलखांत चळवळ झाली. तेव्हांपासून गांवानें ठरविलें कीं, रानाविषयींचा कोणताहि निर्णय सर्वांच्या संमतीनेंच घ्यायचा. बहुमतानें नव्हे, सर्वसंमतीनें! एकाचाहि विरोध असला तर पुन्हा बसायचें. एखादा विषय समजला नाहीं तर अभ्यासगट करून आधीं शिकायचें. देवाजी तोफा हे गांवचे पुढारी आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे सोबती. पण गांवापेक्षां मोठा तेथें कोणी झाला नाहीं. ऑगस्ट २००९ मध्यें सुमारें १८०० हेक्टर रानाचा सामूहिक हक्क त्या गांवाला मिळाला. देशांत असा हक्क पहिल्यानें मिळालेल्या गांवांपैकीं तें एक.

आणि हक्काचा कागद हातीं आल्यावर काय झालें? गांवानें आपला बांबू विकायला काढला, तर वाहतुकीचा परवाना मिळेना! म्हणजे गाय तुमची, दूध तुमचें, पण चरवीची किल्ली आमच्याजवळ. गांव डगमगलें नाहीं. शेवटीं २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्राचे वनमंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण हे मेंढ्याला आले आणि परवान्याचें पुस्तक गांवाच्या हातीं देण्यांत आलें. वर्षानुवर्षें ज्या मुलखाचा बांबू कागदगिरण्या मातीमोलानें नेत होत्या, तेथल्या गांवानें आपल्या सहीनें आपला बांबू विकला. पुढें २०१२ सालीं नियम सुधारून परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे देण्यांत आला. एका लहान गांवानें हट्ट धरला म्हणून साऱ्या देशाची वाट मोकळी झाली.

“हक्क मिळाला कीं सारें विकूं,” असें म्हणणाऱ्या आपल्या मित्रानें आतां चंद्रपूर जिल्ह्यांतल्या पाचगांवची हकीकत ऐकावी. गोंडपिपरी तालुक्यांतल्या ह्या लहान गांवाला २०१२ सालीं सुमारें हजार हेक्टर रानाचा हक्क मिळाला. तेंदूपत्त्याचा पैसा रोख आणि हमखास. पण गांवानें हिशेब मांडला कीं, पानासाठीं फांद्या छाटाव्या लागतात, रानाला आग लागते आणि टेंभुर्णीचें गोड फळ पोरांच्या तोंडीं येत नाहीं. म्हणून त्यांनीं तेंदूपत्ता तोडायचाच नाहीं असें ठरविलें. पोट बांबूवर चालविलें. आणि बांबूहि असा तोडावयाचा कीं कोंवळे कोंब राखून जुनें तेवढेंच काढावें. रानाचा एक भाग देवाचा म्हणून त्यांनीं अजिबात न तोडतां ठेवला. खात्याच्या हुकमानें तेंदू बंद झाला असता तर त्याच लोकांनीं रात्रीं चोरून तोडला असता. स्वतः ठरविल्यामुळें त्यांनीं स्वतःच पाळला. परक्याच्या नियमांत आणि आपल्या नियमांत फरक आहे तो एवढाच.

आतां कडू बोलतों, तें गोड मानून घ्या. रान गांवाच्या हातीं आलें म्हणजे गरिबाच्या हातीं आलेंच असें नाहीं. गांवांतहि थोर आणि लहान आहेत. ज्याच्या गोठ्यांत चारा भरलेला आहे तो चराईबंदीला आनंदानें हात वर करील. पण जिच्याजवळ दोन शेळ्यांवांचून कांहीं नाहीं त्या विधवेनें काय करावें? तिला न विचारतां बंदी केली तर ती बंदी तिच्या चुलीवर पडली. ती रात्रीं रानांत शिरेल, आणि तुम्ही तिला दंड कराल. मग इंग्रजाचा कायदा आणि तुमचा नियम यांत अंतर काय राहिलें? म्हणून आधीं तिला विचारा. रानाचे भाग पाडा, एक भाग मिटा, दुसरा उघडा ठेवा, आणि पाळीपाळीनें बदला. सरपण कोण वेंचतें? बाया वेंचतात. मग कोठलें वाळकें लांकूड न्यावें हा नियम पारावर बसलेल्या पुरुषांनीं कां करावा? कायद्याच्या नियमांनींच सांगितलें आहे कीं, अशा सभेला निम्मी ग्रामसभा हजर पाहिजे आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश तरी बाया पाहिजेत. घरीं बसलेल्या बाईचा अंगठा वहींत उमटविणें म्हणजे सभा नव्हे.

दुसरी कडू गोष्ट हिशेबाची. ज्याच्या हातीं लेखणी त्याच्या हातीं तिजोरी, हें आपल्या वाडवडिलांनीं फार महागांत शिकलें आहे. एकट्या गडचिरोली जिल्ह्यांत हजाराहून अधिक गांवांना सामूहिक हक्क मिळाले. त्यांतल्या कित्येकांनीं तेंदूपत्त्याचा लिलांव स्वतः केला आणि पूर्वीं कधीं न पाहिलेला पैसा पाहिला. पण ठेकेदारानें माल उचलला आणि पैसे थकविले असेंहि त्याच मुलखांत घडलें. करार कोणी वाचला होता? अनामत कोणी घेतली होती? जेथें चार पोरांना करार वाचतां येत होता तेथें गांव सांवरलें. जेथें सारें एकाच पुढाऱ्याच्या खिशांत होतें तेथें जुना सावकार गेला आणि नवा आला. हक्काचा कागद मिळणें हें निम्मेंच काम आहे. उरलेलें निम्में वही लिहिण्याचें आहे.

तर मग करायचें काय? ग्रामसभा बोलावून दहा ते पंधरा जणांची वनहक्क समिती निवडा. बाया व आदिवासी लोक तींत असूं द्या; त्यांची संख्या कायद्यानें ठरविलेली आहे, ती कमी करूं नका. म्हाताऱ्यांना घेऊन रानाची शीव पायीं फिरा. नाले, पाणवठे, देवराया, मेंढरांच्या वाटा यांचीं नांवें लिहा, नकाशा काढा आणि शेजारच्या गांवाला बोलावून त्याची संमति घ्या, नाहीं तर दोन गांवांच्या भांडणांत तिसऱ्याचें फावेल. पुरावे निदान दोन जोडा. जुनें निस्तारपत्रक, सरकारी दप्तरांतली नोंद, रानांतलीं जुनीं खुणेचीं ठिकाणें आणि वृद्धांचा लेखी जबाब हे सर्व पुरावे कायद्यानें मानले आहेत. अर्ज दिल्यावर पोंच घ्या. फेटाळला तर कारण लेखी मागा आणि साठ दिवसांच्या आंत वरच्या समितीकडे दाद मागा.

आणि हक्क मिळेपर्यंत हात जोडून बसूं नका. येत्या फाल्गुनांत वणव्याचे दिवस सुरू होतील. त्याआधीं रानाभोंवतीं पाला झाडून जाळरेषा करा आणि काठीची पाळी लावा. ज्यानें आज राखलें त्याला उद्यां हक्क मागतांना मान खालीं घालावी लागत नाहीं.

तुमच्यांतल्या शिकलेल्या पोरापोरींना माझी वेगळी विनंति आहे. नोकरीसाठीं तुम्ही शहराकडे जाल, जा; कोणी अडविणार नाहीं. पण जाण्यापूर्वीं गांवाची वही लिहायला आणखी दोघांना शिकवून जा. आणि बायांनो, ती वही दर महिन्याला मोठ्यानें वाचून दाखवा असा आग्रह तुम्ही धरा. रुपया आला किती, गेला किती, शिल्लक किती, हें विचारायला कोणाचीहि भीड धरूं नका.

अध्यक्ष महाराजांनीं आतां ठराव मतांस टाकावा. मात्र माझी एक सूचना आहे. हात मोजण्यापूर्वीं, ज्याचा विरोध आहे त्याला आधीं बोलूं द्यावें, आणि त्याचें बोलणें सर्वांनीं ऐकून घ्यावें. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.